बीटल्सच्या गावात, आपल्या वेगाने: मुंबईहून लिव्हरपूलची खासगी गाइड-फेरी

या प्रवासाची सुरुवात फोर्टातून करा. सर फिरोजशहा मेहता रोडवर युनिव्हर्सल इन्शुरन्सची इमारत आहे. लिव्हरपूलच्या चौघांच्या ‘बीटल्स’ या संगीतसंचातला गिटारवादक जॉर्ज हॅरिसन याने जानेवारी १९६८मध्ये तिथल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत काही दिवस ध्वनिमुद्रण केलं. ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीताचा भारतीय भाग तिथे झाला. शिवकुमार शर्मांचा संतूर, आशिष खाँ यांचा सरोद असे आपले वादक त्यात होते. त्याच मुक्कामात ‘द इनर लाइट’ या गाण्याचं वाद्यसंगीतही मुद्रित झालं. शब्द नंतर लंडनमध्ये गायले गेले आणि मार्च १९६८मध्ये ते बीटल्सच्या एका रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला आलं. जॉर्जने रचलेलं गाणं बीटल्सच्या सिंगलवर येण्याची ती पहिलीच वेळ.

स्टुडिओ ध्वनिरोधक नव्हता. संध्याकाळी साडेपाचला खालची ऑफिसं सुटली की जिन्यावर पावलांचा गडगडाट व्हायचा आणि मुद्रण थांबवावं लागायचं, असं जॉर्जने पुढे सांगितलं आहे. माझा मामा गिरगावातला आणि त्याची बँकेतली नोकरी फोर्टातली. तीस वर्षं तो त्याच गर्दीतून चर्चगेटकडे चालत गेला. लिव्हरपूलला निघायच्या आधीच्या आठवड्यात आम्ही त्याला घेऊन त्या इमारतीसमोरच्या फुटपाथवर संध्याकाळी उभे राहिलो. आत शिरण्याचा हट्ट धरू नका, तिथे लोक कामाला येतात. कानात तो संगीताचा तुकडा लावा आणि साडेपाच वाजेपर्यंत थांबा, एवढं पुरे. आधी, १९६६च्या सप्टेंबरात, जॉर्ज पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईत आला आणि ताजमहाल हॉटेलात उतरला होता. अपोलो बंदरापर्यंत चालत गेलात की तुमची फेरीची पहिली दोन ठिकाणं मुंबईतच पाहून होतात. बीटल्स राहिले होते म्हणून लोक हृषीकेशला आवर्जून जातात, पण फोर्टातली ही जागा विसरतात. मला याचं नेहमी वाईट वाटतं.

खासगी फेरीच का घ्यायची

लिव्हरपूलमध्ये बीटल्सच्या खुणा दाखवणाऱ्या मोठ्या बसगाड्या आहेत, त्या स्वस्तही पडतात. काही वर्षांपूर्वी कामानिमित्त इंग्लंडला गेले तेव्हा मी अशाच एका बसने फिरले. दोन तासांत सगळं दाखवलं आणि काहीच दिसलं नाही. स्ट्रॉबेरी फील्डच्या फाटकापाशी पाच मिनिटं मिळाली. त्यातली चार फोटोसाठी रांग लावण्यात गेली. बीटल्सचा ड्रमवादक रिंगो स्टार याच्या गल्लीत बस शिरूच शकत नव्हती, म्हणून कोपऱ्यावरून बोट दाखवलं. मला तेव्हा कळलं की या गावात आपल्याला थांबता यायला हवं. खासगी गाइडला पैसे द्यायचे ते याच थांबण्याचे. माहिती पुस्तकातही मिळते. पुढे जे काही सांगते आहे ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे, त्यामुळे बुकिंग करताना, मार्ग ठरवताना, वेळ लावताना मनाशी विचारत राहा: इथे मला किती वेळ उभं राहायचं आहे?

ज्यांना बीटल्सची दोन-चार गाणीच माहीत आहेत, त्यांनी खासगी फेरीवर खर्च करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांना बस पुरेल. पण घरात एखादा मामा असेल, ज्याने चाळीच्या खोलीत रेकॉर्ड प्लेअरवर ही गाणी झिजवली आहेत, तर त्याला बसमध्ये बसवू नका.

कधी जायचं, किती दिवस ठेवायचे

मे ते सप्टेंबर हा काळ चांगला. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. हिवाळ्यात चारच्या सुमारास अंधारून येतं आणि ज्या दोन घरांबद्दल पुढे सांगते आहे ती बंद असतात. ऑगस्टच्या अखेरीस तिथे आंतरराष्ट्रीय बीटल्स सप्ताह असतो. गाण्यांसाठी तो सोहळा उत्तम, पण निवांत फेरीसाठी अवघड, कारण हॉटेलं भरलेली आणि चांगले गाइड आधीच ठरलेले असतात. फुटबॉलचा मोठा सामना असेल त्या शनिवार-रविवारीही तीच गत. तारीख पक्की करण्याआधी सामन्यांचं वेळापत्रक पाहून घ्या.

ब्रिटनच्या पर्यटक व्हिसासाठी प्रवासाच्या तारखेआधी तीन महिन्यांच्या आत अर्ज करता येतो. निर्णयाला साधारण तीन आठवडे धरतात, पण सुट्ट्यांच्या हंगामात आणखी वेळ हाताशी ठेवा. निवृत्त माणसाचा अर्ज असेल तर पेन्शनची कागदपत्रं, बँकेचे खातेउतारे आणि खर्च दुसरं कोणी करणार असेल तर त्याचं पत्र व त्याचेही उतारे नीट लावा. मामाच्या अर्जाला आम्ही माझ्या दादाचं पत्र जोडलं होतं. व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं कोणतंही बुकिंग करू नका. यात गाइडही आला.

लंडनच्या युस्टन स्थानकातून लिव्हरपूलच्या लाइम स्ट्रीटला थेट गाडीने सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. मँचेस्टर विमानतळावर उतरलात तर तिथूनही रेल्वे आहे. विमानाने आलेल्या दिवशी फेरी ठेवू नका. साडेचार तासांचा फरक (हिवाळ्यात साडेपाच) ज्येष्ठांना दुपारी गाठतो आणि नेमकं पेनी लेनवर डोळे मिटायला लागतात. दोन रात्री किमान, तीन असतील तर उत्तम. राहायला लाइम स्ट्रीट किंवा अल्बर्ट डॉकचा परिसर घ्या, म्हणजे संध्याकाळी पायी फिरता येतं.

गाइड निवडताना

इथे घाई करू नका. फेरी चांगली होईल की नाही, ते इथेच ठरतं.

लिव्हरपूलमध्ये साधारण दोन प्रकारचे खासगी गाइड मिळतात. एक म्हणजे ब्लू बॅज मिळवलेले अधिकृत गाइड. हे प्रशिक्षण घेऊन, परीक्षा देऊन आलेले असतात आणि गावाचा इतिहास, बंदर, गुलामांचा व्यापार, आयर्लंडहून आलेले लोक असं सगळं जोडून सांगतात. दुसरे म्हणजे काळी टॅक्सी चालवणारे गाइड, जे स्वतःच गाडी हाकतात आणि बोलतात. यातले बरेच जण त्याच गल्ल्यांत वाढलेले असतात. अरुंद रस्त्यात गाडी घालणं, दारासमोर उतरवणं, पाऊस आला तर लगेच आत घेणं या बाबतीत टॅक्सीला तोड नाही. आमच्याबरोबर सत्तरी ओलांडलेला माणूस होता, म्हणून आम्ही टॅक्सी घेतली. चालायची हौस असलेल्यांनी एक दिवस टॅक्सी आणि दुसऱ्या दिवशी शहराच्या मध्यभागात ब्लू बॅज गाइडबरोबर पायी फेरी असं केलं तर दोन्हींचं चीज होतं.

त्या काळ्या टॅक्सीत मागे पाच माणसं बसू शकतात, समोरासमोर. भाव बहुतेक ठिकाणी माणशी नसून गाडीचा असतो. त्यामुळे दोघांना महाग वाटणारी फेरी चौघांत वाटली की बसच्या तिकिटाच्या पुष्कळ जवळ येते. तरी भाव गाडीचा की माणशी, हे लेखी विचारून घ्या.

गाइडला ईमेल पाठवताना नुसती तारीख कळवून थांबू नका. कोण येणार आहे, त्यांचं वय काय, किती चालवतं, ऐकू कसं येतं, बीटल्सबद्दल किती माहिती आहे, जॉन, पॉल, जॉर्ज, रिंगो या चौघांपैकी कोण लाडका आहे, हे सगळं लिहा. आम्ही लिहिलं होतं: “आमच्या मामाला जॉर्ज सगळ्यात जवळचा. त्याला शाळेपासून गाणी पाठ आहेत, पण इंग्रजी भरभर बोललेलं कळत नाही. आम्हाला कमी ठिकाणं दाखवलीत तरी चालेल.” दोघांनी छापील उत्तर पाठवलं. तिसऱ्याने उलट विचारलं की मामांना जॉर्जचं वेव्हरट्रीचं घर आधी बघायचंय की शेवटी? आम्ही त्यालाच ठरवलं. गाइड पारखायला याहून चांगली कसोटी मला माहीत नाही.

शिवाय हे विचारा. फेरीचे तास दारापासून दारापर्यंत धरले आहेत की पहिल्या ठिकाणापासून? थांबे वाढवले तर जास्तीचे पैसे किती? तिकिटं कशात धरली आहेत? रद्द केल्यास काय? आणि गाडीत मागच्या बाजूला आवाज कसा येतो? हा शेवटचा प्रश्न आम्ही विचारला नव्हता. चालक आणि प्रवासी यांच्यामध्ये काच असते आणि बोलणं स्पीकरवरून ऐकू येतं. मामाला श्रवणयंत्र आहे, त्यात तो आवाज फाटायला लागला. पहिली वीस मिनिटं तो नुसता मान हलवत होता आणि आम्हाला वाटलं, रमलाय. मग दादाने गाइडला सांगितलं की गाडीत तू बोलू नकोस, उतरल्यावर बोल. त्याने हसून मान्य केलं आणि गाडीत फक्त गाणी लावली. खरं तर सगळ्यांसाठीच ही पद्धत चांगली, म्हणजे ठिकाणावर उभं राहून ऐकायचं आणि गाडीत त्या ठिकाणचं गाणं.

लिव्हरपूलच्या बोलीचाही विचार करा. तिला स्काउज म्हणतात, तिचा हेल चढता आणि वेग भारी. जायच्या आधी चौघांच्या जुन्या मुलाखती घरी ऐका, कान तयार होतो. गाइडला हळू बोलायला सांगण्यात कसलाही संकोच नको.

दोन तासांची फेरी घेऊ नका, त्यात थांबायला जागा उरत नाही. तीन तास ठीक. चार असतील तर मध्ये चहा होतो.

दोन घरांची तिकिटं वेगळी

अनेकांची निराशा इथे होते, म्हणून आधीच सांगते. जॉन लेननचं ‘मेंडिप्स’ (२५१ मेन्लव्ह अव्हेन्यू) आणि पॉल मॅकार्टनीचं २० फोर्थलिन रोड ही दोन्ही घरं नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहेत. पॉलचं घर संस्थेने १९९५मध्ये विकत घेतलं. जॉनचं घर योको ओनोने २००२मध्ये विकत घेऊन संस्थेला दिलं. आत जायचं असेल तर नॅशनल ट्रस्टच्याच नियोजित फेरीतून, आधी बुकिंग करून. तुमचा खासगी गाइड कितीही मोठा असला तरी तो तुम्हाला दाराबाहेरच ठेवणार. जागा थोड्या असतात आणि उन्हाळ्यात पटापट संपतात.

म्हणून क्रम असा ठेवा: व्हिसा आला की पहिलं तिकीट या घरांचं काढा, मग त्याच्या आदल्या दिवशीचा खासगी गाइड ठरवा. आदल्या दिवशी बाहेरून सगळा भूगोल समजला की दुसऱ्या दिवशी आत शिरल्यावर त्या खोल्या बोलायला लागतात. आत फोटो काढू देत नाहीत. सुरुवातीला आमच्या दादाला ते खटकलं. पण मामा म्हणाला, “बरं झालं. नाहीतर तू फोनमध्येच पाहिलं असतंस.”

फेरीचा मार्ग

गाइड आपला ठरलेला मार्ग सुचवेल. माझा आग्रह असा, की नदीकाठच्या डिंगलपासून सुरू करून बाहेर वुल्टनपर्यंत जा आणि शेवट शहरात करा. असं केलं की घरं साधारण लहानापासून मोठ्यापर्यंत येतात आणि चौघांच्या परिस्थितीतला फरक न सांगता दिसतो.

डिंगलमध्ये ९ मॅड्रिन स्ट्रीट, रिंगोचं जन्मघर. ही सगळी वस्ती पाडायचा बेत होता, रहिवाशांनी आणि चाहत्यांनी लढून ती वाचवली. पलीकडे १० अॅडमिरल ग्रोव्ह, जिथे तो प्रसिद्ध होईपर्यंत राहिला. हा मुलगा सहाव्या वर्षी पोटाच्या आजाराने आणि तेराव्या वर्षी क्षयाने महिनोनमहिने रुग्णालयात होता. दुसऱ्या वेळी तिथे मुलांचं मन रमवायला वाद्यं आणत, आणि ड्रमचा नाद त्याला तिथेच लागला. इथे दहा मिनिटं पुरतात.

वेव्हरट्रीमध्ये १२ अर्नोल्ड ग्रोव्ह, जॉर्जचं. खाली दोन खोल्या, वर दोन, एकाला एक चिकटलेली घरं, संडास मागच्या अंगणात, आंघोळीला पत्र्याचं टब. सहा माणसं इथे राहत होती. २०२४मध्ये घरावर निळी पाटी लागली. मामा गल्लीच्या तोंडाशीच थांबला. “आमचा संडास निदान छपराखाली होता गं,” एवढंच म्हणाला आणि मग बराच वेळ बोलला नाही. बंद गल्ली आहे, पोरं खेळत होती. आम्ही वीस मिनिटं उभे राहिलो. याच गल्लीतला मुलगा पुढे फोर्टातल्या त्या स्टुडिओत वादकांसमोर बसला होता, हे दोन्ही जागा पाहिलेल्या माणसाला जसं कळतं तसं सांगून कळत नाही.

पेनी लेन बऱ्याच जणांची निराशा करते, कारण तो साधा रस्ता आहे. मजा टोकाच्या स्मिथडाउन प्लेसला आहे. बीटल्सच्या ‘पेनी लेन’ या गाण्यातलं न्हाव्याचं दुकान, बँकेची इमारत, बसचा थांबा हे सगळं तिथे आजूबाजूला. अग्निशमन केंद्र मात्र थोडं लांब, मॅदर अव्हेन्यूवर. गाणं आधी ऐकून या आणि गाइडला म्हणा की एकेक गोष्ट गाण्याच्या क्रमाने दाखव. रस्त्याच्या नावाच्या पाट्या इतक्या चोरीला गेल्या की पालिकेने नाव भिंतीवरच रंगवायला सुरुवात केली. एका पाटीवर पॉलने २०१८मध्ये सही केली आहे. जाता जाता आणखी एक: ‘अ‍ॅबी रोड’ या रेकॉर्डच्या मुखपृष्ठावर चौघे ओळीने ओलांडतात तो पट्ट्यांचा रस्ता लंडनमध्ये आहे, इथे नाही. गाइडला तो विचारू नका, बिचारे रोज ऐकतात.

आता वुल्टन. फेरीतला निम्मा वेळ इथे ठेवा.

बीकन्सफील्ड रोडवर स्ट्रॉबेरी फील्ड, जॉनच्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ या गाण्यातलं. साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेचं मुलांचं आश्रयगृह, जिथल्या उन्हाळी जत्रेला लहानगा जॉन मावशीबरोबर जायचा. जुना वाडा सत्तरच्या दशकात पाडला, आश्रयगृह २००५मध्ये बंद झालं, आणि २०१९पासून ते सर्वांसाठी खुलं आहे. प्रदर्शन आहे, बाग आहे, मूळ लाल फाटक आत जपून ठेवलं आहे. रस्त्यावर आता दिसतं ती प्रतिकृती. इथे कॅफे आणि स्वच्छतागृह आहे, म्हणून फेरीचा मधला थांबा इथेच घ्या. ज्येष्ठांबरोबर हे आधी ठरवलेलं असलं की पुढचा दीड तास सुखाचा जातो.

तिथून मेंडिप्स चालत काही मिनिटांवर आहे. बाकी तिघांची घरं नंबराने ओळखली जातात, या घराला नाव आहे. बाग, काचेवर रंगीत नक्षी, दारासमोर बंदिस्त पडवी. मिमी मावशीला गिटारचा आवाज घरात नको असायचा, म्हणून जॉन त्या पडवीत वाजवायचा. कामगारांच्या वस्तीतला बंडखोर अशी त्याची प्रतिमा डोक्यात असेल तर ती इथे सुटते. चौघांत सगळ्यात सुखवस्तू घर त्याचं होतं आणि आईपासून वेगळा वाढलेलाही तोच. आई ज्युलिया जवळच राहायची, तिनेच त्याला बँजोच्या पद्धतीने गिटार शिकवली. १५ जुलै १९५८ला ती मिमीला भेटून निघाली आणि याच मेन्लव्ह अव्हेन्यूवर रस्ता ओलांडताना मोटारीखाली आली. जॉन सतरा वर्षांचा होता. ही जागा सगळे गाइड आपणहून दाखवत नाहीत. विचारायची असेल तर विचारा, पण तिथे फोटो काढू नका.

मग सेंट पीटर्स चर्च. ६ जुलै १९५७, शनिवार, चर्चची जत्रा. जॉनचा ‘क्वारीमेन’ हा शाळकरी संच मागच्या मैदानात वाजवत होता. एका सामाईक मित्राने पंधरा वर्षांच्या पॉलला आणलं होतं. संध्याकाळच्या कार्यक्रमाआधी रस्त्यापलीकडच्या चर्चच्या सभागृहात दोघांची ओळख झाली. पॉलने गिटार घेऊन गाणं म्हणून दाखवलं, सगळे शब्द पाठ. आणि त्यांच्या गिटारी नीट स्वरात लावून दिल्या, कारण जॉनला गिटार बँजोसारखीच लावता यायची. या दिवसाची गोष्ट हजारदा वाचली असेल, तरी सभागृहाच्या दारात गाइडकडून संपूर्ण ऐका, मधे बोलू नका. स्मशानभूमीत एलिनॉर रिग्बी नावाचा दगड आहे, १९३९मध्ये ४४व्या वर्षी वारलेली बाई. बीटल्सच्या ‘एलिनॉर रिग्बी’ या गाण्याचं नाव जाणूनबुजून इथून घेतलं नसल्याचं पॉल सांगत आला आहे. जॉनला बापासारखा असलेला, मिमी मावशीचा नवरा जॉर्ज स्मिथ याच आवारात आहे. त्याचा दगड लोक ओलांडून जातात. आमच्या गाइडने मामाला हात धरून तिथे नेलं.

शेवटी फोर्थलिन रोड. नगरपालिकेने भाड्याने देण्यासाठी बांधलेली घरं, आपल्या म्हाडासारखी. मॅकार्टनी कुटुंब १९५५मध्ये इथे आलं आणि पुढच्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला आई मेरी गेली. ती सुईण होती. पॉल चौदा वर्षांचा. मेंडिप्सपासून इथे गोल्फच्या मैदानातून चालत येता येतं. जॉन आणि पॉल तसे ये-जा करायचे, आणि वडील कामावर गेले की शाळा बुडवून पुढच्या खोलीत समोरासमोर बसून गाणी रचायचे. दोघांनाही आई नव्हती, हे त्यांना एकमेकांबद्दल ठाऊक होतं. गाइडला वेळ असेल आणि तुमचे पाय चालत असतील तर ते मैदान पायी ओलांडा. आम्ही मामाला गाडीतून पुढे पाठवलं आणि दादा व मी चालत गेलो.

रिंगोच्या आधीचा ड्रमवादक पीट बेस्ट याच्या आईने घराच्या तळघरात १९५९मध्ये सुरू केलेला कॅस्बा कॉफी क्लबही पाहण्यासारखा आहे, पण तो वेस्ट डर्बीत, म्हणजे दुसऱ्या दिशेला. तीन तासांत तो कोंबू नका.

रीतभात, खाणं, कपडे

मॅड्रिन स्ट्रीट, अॅडमिरल ग्रोव्ह, अर्नोल्ड ग्रोव्ह इथली घरं आजही घरं आहेत. खिडकीतून डोकावणं, पायरीवर बसून फोटो, मोठ्याने गाणं हे टाळा. आपल्या चाळीच्या गॅलरीत रोज अनोळखी माणसं येऊन उभी राहिली तर काय वाटेल, तेवढं आठवलं की पुरे.

जूनमध्येही नदीवरून गार वारा येतो आणि पाऊस भुरभुरतो. छत्री वाऱ्याने उलटी होते, टोपीचं जॅकेट घ्या. खाण्यात ‘स्काउज’ हे तिथलं बटाटा-गाजर-मटणाचं रस्सेदार कालवण, ज्यावरून लोकांना नाव पडलं. मांसाशिवायच्या स्काउजला ‘ब्लाइंड स्काउज’ म्हणतात. शाकाहारी मंडळींनी तसं विचारावं. मामाला ते मिळमिळीत लागलं. खिशातला लसणीचा तिखटाचा डबा निघाला आणि ताट साफ झालं.

गाइडला बक्षिशी सक्तीची नसते. मनापासून फिरवलं असेल तर द्या.

कॅव्हर्न

गाइडला शेवटी मॅथ्यू स्ट्रीटला सोडायला सांगा आणि तिथे त्याचा निरोप घ्या. कॅव्हर्नमध्ये घड्याळ बघत उतरू नये. गोदामाच्या तळघरातला हा क्लब १९५७मध्ये जॅझसाठी सुरू झाला. ९ फेब्रुवारी १९६१ ते ३ ऑगस्ट १९६३ या काळात बीटल्स इथे २९२ वेळा वाजले. मूळ तळघर १९७३मध्ये बंद होऊन बुजवलं गेलं. आजचं १९८४मध्ये, मूळ जागेच्या काही भागावर, जुन्याच हजारो विटा वापरून उभं केलं आहे. खोटं आहे म्हणून नाक मुरडणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. पायऱ्या उतरताना घाम आणि दगडाचा जो गारवा येतो तो पुरेसा खरा आहे. पायऱ्या बऱ्याच आणि उंच आहेत, ज्येष्ठांना आधार द्या. दुपारी जा. तेव्हा गर्दी कमी असते, एखादा गिटारवाला वाजवत असतो, आणि बीटल्सचे सुरुवातीचे कितीतरी कार्यक्रम दुपारच्या सुट्टीतच व्हायचे. आसपासच्या ऑफिसांतल्या मुली डबा संपवून पळत यायच्या. ऑफिसच्या सुट्टीत हे तळघर भरायचं आणि फोर्टात ऑफिस सुटलं की मुद्रण थांबायचं, हे मामाने तिथे बसून जोडलं, आम्हाला सुचलं नव्हतं.

तीन रात्री असतील तर उत्तम असं सांगितलं ते यासाठी, की फेरी झाल्यावर एका जागी परत जावंसं वाटतंच. मामाला फोर्थलिन रोडला पुन्हा जायचं होतं. त्यासाठी गाइड लागत नाही. शहरातून ८६ क्रमांकाची बस स्मिथडाउन रोड, पेनी लेनचं टोक असं करत मॅदर अव्हेन्यूने जाते. पॉल याच रस्त्याने बसने शाळेत जायचा. वरच्या मजल्यावर पुढची जागा धरा. मामा आमच्या बेस्टच्या दुमजली बसमध्ये बसायचा तसाच खिडकीला नाक लावून बसला. फोर्थलिन रोडच्या तोंडाशी उतरून तो पाच-सात मिनिटं उभा राहिला, फोटो काढला नाही. परतीची बस समोरच्या बाजूच्या थांब्यावर मिळते. रस्ता रुंद आहे आणि गाड्या वेगात असतात. तिकडेही गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, तेव्हा ओलांडताना आधी उजवीकडे पाहा आणि मोठ्या माणसांचा हात धरा.